शनवारपुढचा स्वल्पविराम

आयुष्यात माझ्या हातून एकच मोठी चूक झाली असं मी म्हणते, तेव्हा आमचे हे पेपरातून मान वर काढून माझ्याकडे बघतात. त्यांचं सोडा. मी म्हणते ती चूक कागदावरची, आणि ती एका स्वल्पविरामाची होती.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी कोणती ते सांगणार नाही, माझी पेन्शन चालू आहे. पेण-रोहा पट्ट्यातली कुठलीतरी, असं धरून चाला. मी पेणची. सकाळची रोहा एसटी पकडायची, वडखळ नाक्याला ती हमखास ताटकळायची, आणि मी कचेरीत पोचेपर्यंत अव्वल कारकुनांनी हजेरीपुस्तक आत नेलेलं असायचं. जिल्ह्याचं नाव नुकतंच कुलाब्याचं रायगड झालं होतं, पण छापील फॉर्म जुनेच होते आणि ते वाया घालवायचे नाहीत असा हुकूम होता. म्हणून दिवसभर एकेका फॉर्मवरचं 'कुलाबा' खोडायचं आणि वर 'रायगड' लिहायचं. इतक्या इमानाने मी शाळेत शुद्धलेखनसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्यातच वाळवीने खाल्लेल्या जुन्या नोंदवह्या नव्यात उतरवायचं काम निघालं. बऱ्याच मोडीत होत्या. अख्ख्या कचेरीत मोडी वाचता यायची ती मला एकटीला, आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी शिकवली होती म्हणून. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी शिंगं उगारून फिरत होते. मोडीचं एक असतं. आधी आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं द्यायची नाहीत. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचं. आणि अकलेचा तर माझ्याकडे तेव्हा सुकाळ होता.

एका गावच्या वहीत एक ओळ होती: मोजणी केली शनवार तेली मसणवट खडकाळ. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली. 'मोजणी केली शनवार, तेली मसणवट, खडकाळ.' म्हणजे मोजणी झाली शनवारी आणि जागा तेल्यांच्या मसणवटीची. तलाठ्याने गावातल्या तेल्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, आमची माणसं आम्ही नदीवर जाळतो, तिकडं आमचं काय नाय. झालं. पुढच्या रकान्यात शेरा पडला: वापर नाही, सरकारी पड. खाली माझी सही. अक्षर इतकं सुंदर आलं होतं की अव्वल कारकुनांनी ते पान चार जणांना दाखवलं.

त्या गावात कबड्डीचं मंडळ होतं. आपल्याकडे गाव तिथे मंडळ आणि मंडळ तिथे कबड्डी, त्यात नवल नाही. मंडळाचा म्होरक्या पंचविशीतला गडी, कंपनीत कंत्राटी कामाला. शिफ्ट संपली की पोरांना घेऊन कुणाच्या तरी खळ्यावर सराव करायचा. भातझोडणी सुरू झाली की खळ्यावरून ह्यांना हाकलायचे. म्हणून त्याने मैदानासाठी अर्ज केला. अर्ज माझ्या टेबलावर आला. मी म्हटलं, पाहू. त्याने दुसरा केला. मी म्हटलं, वरती गेलाय. वरती म्हणजे माझ्या टेबलाच्या खणात, तोही खालच्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही मी नव्याने काढलं नव्हतं. तिसऱ्या अर्जाच्या वेळी तो भांडला नाही, उभ्या उभ्या माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, सुधारला.

सुधारला कसला! रोह्याला तेव्हा बाजाराच्या दिवशी बाहेरचा एक वक्ता यायचा. त्याचं सगळं सोपं होतं. तुम्हाला मैदान नाही, कारण परक्यांनी जागा दाबल्यात. तुम्हाला कायम नोकरी नाही, कारण परके. आमच्या एसटीला उशीर व्हायचा त्यालाही परकेच जबाबदार असणार, मी विचारलं नाही एवढंच. अर्ज करा, वाट बघा, असलं तो कधी सांगत नसे. मागता कशाला, घ्या, असं सांगे. ज्याचे तीन अर्ज माझ्या खणात पडलेत त्याला हे पटलं, तर मी कोणत्या तोंडाने बोलू?

आणि तेवढ्यात त्या नव्या वहीची नक्कल त्याच्या हातात पडली. सरकारी पड! पुढच्याच रविवारी मंडळाची पोरं कोयते-फावडी घेऊन जागा साफ करायला गेली. झाडोरा काढता काढता खाली दगड लागले, आडवे, एका रांगेत. एकावर मराठीत नाव होतं आणि त्याखाली कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. पोरं त्या दगडाकडे बघत उभी राहिली, तोवर एक म्हातारी आली आणि त्याच्यावर बसली. उठेना.

ती त्या गावातली तिच्या लोकांपैकी शेवटची. पूर्वी त्यांचे तिथे तेलाचे घाणे होते. ह्या आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांना पेणला आम्ही इस्राएल म्हणायचो. साडी आपल्यासारखी, मंगळसूत्र आपल्यासारखं, बोली तर आपल्याहून अस्सल. देव मात्र एकच, आणि तोही बिनमूर्तीचा. पेण म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे बिनमूर्तीचा देव ही कल्पना आमच्या आळीला धंद्याला मारक वाटायची. एकेक करून बहुतेक घरं इस्राएलला निघून गेली. हिचे दोन्ही मुलगेही गेले. ही राहिली, कारण नवरा इथे होता, त्या दगडाखाली. त्याच्या शेजारची जागा तिने स्वतःला राखून ठेवली होती. मुलगे लिहायचे, तिकीट पाठवतो. ही उलट कळवायची, पाठवा, पण परतीचंही पाठवा.

गाव काही वाईट नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. सरपंच स्वतः तिच्या दारी गेले. तू काय आम्हाला परकी हायस का, पोरांचं मैदान होऊन जाऊ दे, कोपऱ्यात तुझ्यापुरती जागा आम्ही देऊ की, असं त्यांनी मनापासून सांगितलं.

"द्यायला ती तुमची हाय का?" म्हातारीने विचारलं.

सरपंच घरी आले ते दुखावूनच. आम्ही माया करतो आणि ही कागद मागते, असं गावभर झालं. खरं सांगू? मलाही तेव्हा म्हातारी हेकटच वाटली होती. देतायत तर घ्यावं, असं मी अव्वल कारकुनांना म्हणालेसुद्धा. देणारा उद्या फिरला तर काय, हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आलेली नसते.

तर ती कचेरीत आली. अर्ज दोन ओळींचा: माझ्या माणसांची जागा हाय, ती वहीत परत घाला. मी तोही खणात सरकवला असता. पण बाई समोरच्या बाकावर बसली, पिशवीतून भिजवलेले वाल काढले आणि सोलायला लागली. तास गेला, दोन तास गेले. शेवटी कचेरीत बिरड्याचा वास कुठून येतोय हे बघायला साहेब बाहेर आले.

हे साहेब नवीन होते. कलमाशिवाय बोलायचे नाहीत. जेवायला घरी जाण्याआधी हे स्वतःच्या आईलाही नोटीस काढत असतील, असं आम्ही म्हणायचो. त्यांनी अर्ज वाचला, जागा आहे तशी ठेवायचा हुकूम दिला आणि दोघांनाही सुनावणीची नोटीस काढली. म्हातारीला जी, मंडळाला तीच. सुनावणी शनवारी, कारण शनवारी अर्धा दिवस आणि गर्दी कमी.

गुरुवारी म्हातारी नोटीस घेऊन परत आली. म्हणाली, शनवारी मी नाय येत. साहेबांनी सबळ कारण विचारलं.

"शनवारी आम्ही चूल पेटवत नाय, गाडीत बसत नाय, अंगठा नाय देत," ती म्हणाली. "म्हणून तर आमाला शनवार तेली म्हणतात."

माझ्या हातातलं 'कुलाबा' अर्धं खोडलेलं तसंच राहिलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं, फक्त इथे ती सातबाऱ्यावरून सरकवणारी मीच होते. शनवार तेली! शनवार हा वार नव्हताच. शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावाने त्यांना दिलेलं ते नाव होतं, आणि जुन्या कारकुनाने ते जसंच्या तसं लिहिलं होतं. ध चा मा करायला निदान वैर तरी लागतं. मी नुसता एक स्वल्पविराम दिला होता, आणि एका जमातीचं मसण पुसलं गेलं होतं.

साहेबांनी सुनावणी बुधवारवर टाकली. निघता निघता म्हातारी माझ्या टेबलाशी थांबली आणि म्हणाली, तू पेणची ना गो, येताना जाडे पोहे आण माझ्यासाठी, मलिद्याला लागतात. मी दचकून आजूबाजूला बघितलं. सरकारी कचेरीत मलिदा हा शब्द इतक्या मोठ्याने कुणी उच्चारत नाही. मग तिनेच सांगितलं, त्यांच्यात नवस फेडताना पोह्यांत गूळ आणि खोबरं घालून करतात तो मलिदा. नवस कसला, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही, पण आमटीत मीठ दोनदा पडलं. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. आणि गंमत म्हणजे मोडी वाचणारी मी एकटी. चूक करणारी मी, ती पकडू शकणारीही मीच. गप्प बसले असते तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. कचेरीचे दोन दिवस मी गप्प बसले, आणि त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते. शनवारी बाजारात पोहे घेतले तेव्हा मात्र ते हातात धरवेनात. सोमवारी सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे केला. "लेखी द्या," म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी लेखी दिलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं, कारण स्वल्पविराम कोणत्या तारखेला दिला ते मी लिहिलं नव्हतं.

बुधवारी मंडळाची सगळी पोरं कचेरीबाहेर घोषणा द्यायला लागली. साहेबांनी शिपायाला पाठवून कळवलं की घोषणांना आवक क्रमांक देता येत नाही, ज्याला म्हणणं मांडायचंय त्याने आत यावं, जबाब नोंदवला जाईल. म्होरक्या छाती काढून आत आला. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एकसारख्या. एकीवर म्हातारी होती. दुसरीवर बसा म्हटल्यावर तो गडी गांगरला. इतक्या वेळा त्या कचेरीत आला होता, पण बस म्हणून त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण मीच म्हटलं नव्हतं.

आधी तो त्या वक्त्याच्याच भाषेत बोलला, परके वगैरे. साहेब माझ्याकडून लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, ह्यात तुमचं मागणं काय? तो थांबला. आवाज उतरला. म्हणाला, मैदान. तीन अर्ज दिलेत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि खण उघडायला सांगितलं. मी उघडला. तीन अर्ज निघाले, आणि त्यांच्याखाली माझं अर्धवट विणलेलं स्वेटर. कोकणात मी स्वेटर कुणासाठी विणत होते, देव जाणे.

म्होरक्याला जोर चढला. एका म्हातारीसाठी अख्खं गाव अडवता काय, म्हणाला, गाव करील ते राव काय करील?

"गाव पुष्कळ काही करील," साहेब म्हणाले. "पण हे तीन अर्ज तुम्ही एकट्याने केले होते. एकटा आहे, बसू दे वाट बघत, असं आमच्या कचेरीने ठरवलं. ते बरोबर झालं का?"

त्याने खणातून निघालेल्या त्या तीन अर्जांकडे बघितलं. मग नाय म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला. आणि मी खाली मान घालून ते 'नाही' जबाबात लिहून घेतलं.

माझा लेखी कबुलीजबाब वाचून झाला. शनवार आणि तेली पुन्हा एकत्र आले. तरी एक अडचण उरलीच. जागा वापरात आहे का, हा रकाना भरल्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती. तिथलं शेवटचं दफन म्हणजे म्हातारीच्या नवऱ्याचं, त्यालाही कैक वर्षं झालेली. साहेबांनी तिला नियमाप्रमाणे विचारलं, सध्या वापर चालू आहे का?

"आता नाय," म्हातारी म्हणाली. "पन मी हाय ना. मी वापरीन."

हसू यावं असंच ते होतं, पण कुणी हसलं नाही. म्होरक्या आपल्या चपलांकडे बघत बसला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रकान्यात आजवर दोनच शेरे चालत आले होते, आहे किंवा नाही. त्यांनी मला तिसरा लिहायला लावला. वापर अपेक्षित.

पुढे मोजणी झाली तेव्हा कळलं, दफनभूमी गाव समजत होतं तेवढी मोठी नव्हतीच. उंचवट्याचा भाग तेवढाच तिचा. पलीकडची सपाट जागा खरोखरच सरकारी पड होती. मंडळाच्या तिन्ही अर्जांना क्रमांक पडले, महिन्याभरात निर्णय झाला, आणि सपाट भागात रीतसर मैदान झालं. मधे हद्दीचे दगड बसले. माझं कायम होणं तेवढं सहा महिने पुढे गेलं. सरकारी काम, सहा महिने थांब. ह्या खेपेला मी थांबले.

सगळं गोड झालं असं मात्र मी सांगत नाही. मंडळातली दोघं त्या वक्त्याच्या मागे गेलीच, आणि त्यांची उमेदीची वर्षं पोलिस ठाण्याच्या फेऱ्यांत गेली. म्होरक्याही लगेच संत झाला नाही. पण रोह्याच्या भाषणांना जायला त्याला सवड होईना, मैदानाची आखणी करायची होती. आणि कबड्डीवाल्याला रेषा समजावून सांगावी लागत नाही. झटापटीत एखादा गडी लोळत हद्दीच्या दगडापलीकडे गेला, की दगडावर बसलेली म्हातारी ओरडायची, बाद! मी महिन्याचे पोहे पोचवायला जायचे तेव्हा हे दोनदा पाहिलंय. पंच तिचं ऐकायचे.

ती गेली ती शुक्रवारी सकाळी. त्यांच्यात शनवार लागायच्या आत, म्हणजे सूर्य मावळायच्या आत माती द्यावी लागते, आणि प्रार्थनेला त्यांचेच दहा पुरुष लागतात. पेणहून आले, अलिबागकडून आले, तरी आठच भरले. दोघं वडखळला एसटीची वाट बघत अडकलेले. खड्डा मंडळाच्या पोरांनी सकाळीच खणून ठेवला होता. म्होरक्या त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला म्हणाला, कबड्डीला सात लागतात, तुम्हाला दहा, कमी पडतायत तर आमचे दोन घ्या. त्यांनी हात जोडले, म्हणाले, आमच्या नियमात बसत नाही. नियम हाय म्हटल्यावर याने वाद घातला नाही. कुणाची तरी फटफटी घेतली आणि वडखळहून त्या दोघांना मागे बसवून वेळेत आणलं. तिघं एका फटफटीवर, म्हणजे कायदा तिथे मोडला, पण ते काही माझ्या वहीत येत नाही.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं, सोमवारी. मी कचेरीत पोचले तेव्हा तो खुर्चीवर बसलेला होता, कुणी बस म्हणायची वाट न बघता. हातात रीतसर लिहिलेला अर्ज.

"आजीनं जागा वापरली," तो म्हणाला. "नोंद करा."

मी वही काढली. 'अपेक्षित' वर एक आडवी रेघ मारली आणि वर 'आहे' लिहिलं. एवढे कुलाबे खोडले, पण इतकं जड काही खोडलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. माझं रडणं आटपेपर्यंत तो थांबला. मग अर्जावर बोट ठेवून म्हणाला, आवक क्रमांक.

मी दिला.